कडबाकुट्टीचा गंज: चाक झालं, पाती बाकी

भिलवडीच्या एका गोठ्यातली हातानं फिरवायची कडबाकुट्टी २०१९ च्या महापुरात गाळाखाली गेली होती. तिचं बिडाचं चाक आता गंजातून पूर्ण मोकळं झालं. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती नांगर आणि असल्याच यंत्रांच्या जोरावर. त्याच मुलखात ही यंत्रं किलोच्या भावानं भंगारात जाताना बघवत नाहीत.

आधी रंगाचं. जुन्या यंत्रावर खाली शेंदरी प्रायमर दिसला, की त्यात शिसं आहे असंच धरून चाला. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तीही घरगुती, सजावटीच्या रंगांना. त्यामुळे रंगावर तारेचा ब्रश फिरवलाच नाही. उघड्यावर, रबरी हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावला, ओला असतानाच खरवडला आणि खरवड पिशवीत बांधून ठेवली.

मग गंज. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्याला लावायच्या कप ब्रशवर, म्हणजे वाटीसारख्या तारेच्या ब्रशवर, छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा त्याहून कमी नको. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी ८,५०० चा ब्रश उचलू नका. नवा ब्रश बसवला की तोंड आपल्यापासून लांब धरून मिनिटभर नुसता फिरवायचा, सैल तारा तेव्हाच उडून जातात. उडालेली तार शर्टातून आत घुसते, डोळ्याचं तर बोलायलाच नको. म्हणून गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, दोन्ही. शिवाय धुळीसाठी एन-९५ मास्क आणि जाड चामडी एप्रन. ग्राइंडरचं गार्ड आणि बाजूचा दांडा काढायचा नाही.

दाब देऊ नका. गंज काढतं ते तारेचं टोक; दाबलं की तारा आडव्या पडतात आणि तुटतात. काठाजवळ ब्रश काठावरून बाहेर जाणाऱ्या दिशेनं फिरला पाहिजे. काठावर चढत आला तर झटका देतो. सगळ्यात जपायचं ते आऱ्यांपाशी. दोन आऱ्यांच्या बेचक्यात कप ब्रश अडकला तर ग्राइंडर हातातून उसळतो. तिथं मी ड्रिलला छोटा ब्रश लावला. वेळ जातो, जाऊ दे.

फ्लॅप डिस्कला, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांच्या चकतीला, हात लावला नाही. ती गंजाबरोबर धातूही खाते आणि बिडातली उठावाची अक्षरं कायमची घालवते. ती अक्षरं म्हणजे यंत्राची ओळख.

मोकळं झालेलं बीड पावसाळी हवेत रात्रीत पुन्हा तांबूस होतं, म्हणून त्याच संध्याकाळी तेलाचा हात दिला. रॉकेलचं फडकं मात्र ठिणग्यांच्या जवळपासही नको.

पात्यांना ग्राइंडर लावणार नाही. पोलाद २२० अंशांजवळ पिवळसर आणि ३०० जवळ निळं पडतं. निळं पडलं की धारेचं पाणी उतरलं. ती हातानंच, रॉकेल आणि पॉलिश पेपरनं करतोय. सांगली-मिरजेत पाण्याच्या दगडावर धार लावून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा.