तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिक्रियेला बक्षीस, आणि अडून बसलेलं प्लगइन

‘प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला काहीतरी द्यायचंय, कुठलं प्लगइन टाकू? आणि टाकलंय तर चालत का नाही?’ कोल्हापुरात वर्डप्रेसवर खाण्याची, पन्हाळ्याच्या भटकंतीची किंवा कुस्तीची साइट चालवणारे हे दोन प्रश्न जोडीनंच विचारतात.

वर्डप्रेस म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, आणि प्लगइन म्हणजे त्याला वरून जोडायची जादा सोय. देता येतं ते दोन तऱ्हांनी. एक म्हणजे लिंक. कॉमेंटलव्हसारखं प्लगइन वाचकाच्या वेबसाइटची आरएसएस फीड, म्हणजे तिथल्या ताज्या लेखांची यादी, वाचतं आणि त्याच्या ताज्या लेखाची लिंक प्रतिक्रियेखाली लावतं. दुसरं म्हणजे गुण. मायक्रेड किंवा गेमिप्रेस वाचकाच्या खात्यावर गुण आणि बिरुदं जमा करतं. लिंक दिलीत तरी तिच्यावरचा नोफॉलो, म्हणजे शोधयंत्राला ‘ही लिंक मोजू नका’ सांगणारी खूण, काढू नका. गूगलनं तो 2005 साली आणला तोच प्रतिक्रियांमधल्या स्पॅमला आळा घालायला. तो काढलात तर तांबड्या रश्श्याच्या लेखाखाली झटपट कर्जाच्या जाहिराती मोजत बसाल.

आता अडचणी. सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: ‘मला दिसतंय, वाचकांना दिसत नाही.’ इथं प्लगइनवर राग काढू नका, कॅशिंगकडे, म्हणजे तयार पान साठवून तेच पुन्हा दाखवण्याच्या सोयीकडे बघा. तुम्ही लॉगिन असता, म्हणून तुम्हाला ताजं पान मिळतं. पाहुण्याला, म्हणजे लॉगिन न केलेल्या वाचकाला, साठवलेलं जुनं. त्या पानात नॉन्स नावाचा सुरक्षेचा तात्पुरता शिक्का असतो आणि वर्डप्रेस तो फार तर 24 तास मानतं. कॅश आठवडाभराची ठेवली असेल तर शिक्का शिळा होतो आणि सर्व्हर विनंती नाकारतो. कॅशची मुदत 10 तासांवर आणा, जावास्क्रिप्ट एकत्र करण्याचा पर्याय बंद करा, कॅश रिकामी करा आणि मग इनकॉग्निटो खिडकीत तपासा.

तरीही काही दिसत नसेल तर थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, उघडा. स्वस्तात बनवून घेतलेल्या थीममध्ये प्रतिक्रियेचा फॉर्म हातानं लिहिलेला असतो, आणि प्लगइनला लटकायची खुंटीच त्यात नसते. वर्डप्रेसचं स्वतःचं कॉमेंट-फॉर्म फंक्शन वापरलं की ती आपोआप येते. फूटर फाइलमध्ये डब्ल्यूपी-फूटरची हाक आहे ना, तेही बघा. ती नसेल तर प्लगइनची स्क्रिप्ट पानावर पोचतच नाही.

लिंक एकाच वाचकाची येत नसेल तर दोष बहुधा त्याच्याकडे असतो. त्यानं फेसबुकचा पत्ता टाकलेला असतो, नाहीतर त्याच्या फीडच्या आधी एक रिकामी ओळ असते. फीडची पहिली ओळ म्हणजे एक्सएमएलची घोषणा, आणि तिच्याआधी मोकळी जागासुद्धा चालत नाही.

गुणांचं गणित आधी कागदावर मांडा. मंजूर प्रतिक्रियेला 5 गुण, दिवसाला जास्तीत जास्त तीन प्रतिक्रियांना, आणि 500 गुणांना एक किलोचा गुळाचा रवा. रोज तीन लिहिणाऱ्यालाही 34 दिवस लागतात. हा वेग बरा. गुण पाठवताक्षणी देऊ नका, मंजुरीनंतरच द्या, आणि प्रतिक्रिया कचऱ्यात गेली की ते वजा झाले पाहिजेत. स्वतःच्याच प्रतिक्रियेला उत्तर देऊन गुण मिळवण्याची वाट बंद करा. पाहुण्याला खातं नसतं, तेव्हा त्याचे गुण जमा व्हायला जागाच नाही. ‘गुण आलेच नाहीत’ या तक्रारीत आधी तो माणूस लॉगिन होता का, एवढंच विचारा. साइटचा टाइमझोन यूटीसीच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच, राहिला असेल तर तिचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो आणि रोजच्या मर्यादेवरून वाद होतात. टाइमझोन कोलकाता निवडा.

मराठी साइटला आणखी एक खोडा आहे, त्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. किमान लांबी 20 अक्षरं ठेवलीत, तरी ‘नाद खुळा’ आरामात आत येतो. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीचं स्ट्रलेन हे फंक्शन मोजायला वापरलं असेल तर ते अक्षरं नव्हे, बाइट म्हणजे साठवणीची एककं मोजतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे काना-मात्रासुद्धा, तीन बाइटची. ‘नाद खुळा’मध्ये सात खुणा आणि एक मोकळी जागा, म्हणजे 22 बाइट, झाले 5 गुण! तिथं बाइटऐवजी खुणा मोजणारं एमबी-स्ट्रलेन हवं, नाहीतर मर्यादा सरळ 60 करा.

बिरुदांना पट्ठा, पैलवान, वस्ताद अशी नावं खुशाल द्या, शोभतात. पण बिरुदाचा नवा प्रकार तयार करताना त्याचा स्लग, म्हणजे पत्त्यात वापरायचं छोटं नाव, रोमन अक्षरांतच लिहा. वर्डप्रेस पोस्ट टाइपच्या, म्हणजे अशा प्रकाराच्या, नावाला 20 अक्षरांपलीकडे जाऊ देत नाही, आणि देवनागरीची एकेक खूण पत्त्यात नऊ अक्षरं खाते. म्हणजे ‘वस्ताद’मधला ‘व’ आणि ‘स’ बसेपर्यंतच 18 संपतात.

इतकं करूनही कारण हाती लागलं नाही तर हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगइन टाका. ते बाकीची प्लगइन फक्त तुमच्यापुरती बंद करतं, वाचकाला पत्ता लागत नाही. मग एकेक चालू करत जा. ज्याच्यानंतर बिघडतं, ते दोषी. लॉगिन असताना दिसणाऱ्या बिघाडांसाठी हे ठीक. पाहुण्याच्या बाबतीत मात्र कॅशिंगचं प्लगइन हातानंच बंद करून बघावं लागतं, आणि तेही रात्री, वर्दळ कमी असताना.