पूर्वेच्या बांधाची आतली बाजू

मालिकेचा भाग रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनवायला, लावण्याआधी पडद्यावरचं प्रत्येक विधान मूळ कागदाशी पुन्हा ताडून बघायचं, हा आमच्या मालिकेतला माझा वाटा. स्क्रिप्ट चार हातांतून जाते आणि प्रत्येक हात तिला थोडं गुळगुळीत करतो. दुसऱ्या महायुद्धावरच्या या मराठी मालिकेत इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या भागात या गुळगुळीतपणाने जर्मनांना नदीच्या चुकीच्या बाजूला नेऊन बसवलं होतं.

प्रसंग ९ एप्रिल १९४५ चा. ब्रिटिश आठव्या सेनेची इटलीतली शेवटची मोठी चढाई. लुगो गावाच्या एका अंगाला न्यूझीलंडची डिव्हिजन, दुसऱ्या अंगाला आठवी इंडियन डिव्हिजन. दुपारी बॉम्बफेक, मग तोफा, मध्येच तोफा थांबवून हूल, आणि सातनंतर पायदळ. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, त्या संध्याकाळी कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे, होते. याच लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. (कच्चं निवेदन वाचून घ्यायला वापरतो ते सॉफ्टवेअर ‘१/५ मराठा’ हे ‘एक पंचमांश मराठा’ असं वाचतं. बटालियनचं नाव नेहमी अक्षरांत लिहायचं, हा नियम आम्ही तेव्हापासून केला.)

आमच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं: ‘नदी ओलांडताच समोरच्या काठावरून मशीनगनचा मारा सुरू झाला.’ ऐकायला छान. पदकाच्या मानपत्रात मात्र वेगळंच आहे. मराठ्यांची तुकडी पाणी तुडवून पश्चिमेच्या बाजूला वर येत होती, तेव्हा ज्या किमान तीन ठाण्यांमधून गोळीबार झाला ती पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगावर होती. पूर्व म्हणजे जिथून ते आले ती बाजू. नुकताच जो बांध चढून उतरले, त्याच्याच पोटात शत्रू. मारा पाठीमागून झाला.

लेखकाला दोष देऊन उपयोग नाही. सिनेमातली प्रत्येक नदी समोरूनच गोळ्या झाडते. घोटाळ्याचं मूळ ‘काठ’ या शब्दात आहे. आपल्या डोळ्यांपुढे काठ म्हणजे पाण्याची कड, सपाट. सेनिओला दोन्ही बाजूंनी पुराचे उंच बांध आहेत, आणि प्रत्येक बांधाला दोन अंगं आहेत: बाहेरचं आणि नदीकडचं. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून खंदक आणि ठाणी केली होती. मानपत्रातले आकडे बघा. पाणी जेमतेम १५ फूट रुंद, ४ ते ५ फूट खोल. बांध ३० ते ३५ फूट उंच, आणि खडे. पाण्याच्या रुंदीच्या दुप्पट भिंत, तीही दोन्हीकडे. याला नदी म्हणण्यापेक्षा लांबट विहीर म्हटलं तर चित्र लवकर उभं राहतं.

एवढा तोफखाना बरसून ती ठाणी वाचली कशी, याचं एक उत्तर याच आकारात आहे. तोफा पूर्वेला, मराठ्यांच्या मागे. गोळा ज्या तिरप्या कोनात उतरतो त्यापेक्षा उतार खडा असेल, तर गोळा माथ्यावर फुटतो किंवा पलीकडे जातो. अलीकडच्या बांधाची आतली बाजू सावलीत राहते.

हे नकाशावर दाखवता येत नाही, हे दुरुस्ती करताना कळलं. वरून पाहिलं की बांधाची आतली आणि बाहेरची बाजू एकाच रेघेत जाते. शिवाय जाधवांनी पूर्वेचा बांध पुन्हा पुन्हा ओलांडला. एका जखमीला उचलून पाण्यातून, खड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्यांदा ते बांध ओलांडून गेले, ते ठाण्यांवर चालून जायला. वरच्या नकाशात या सगळ्या बाणांचा नुसता गुंता झाला होता.

म्हणून नकाशा काढून टाकला आणि नदीचा उभा छेद काढायला घेतला. आधी १ फुटाला २० पिक्सेल धरले. बांध ७०० पिक्सेल, त्याखाली पाण्याची खोली १००, मिळून ८००, १०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत सहज बसले. पण तळाचे २०० पिक्सेल सबटायटल खातात, आणि नदी नेमकी तिथेच. चित्र २२० ने वर सरकवलं तर शेवटी बांधाच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं चौकटीबाहेर गेलं. १८ पिक्सेलवर सगळं जमलं: बांध ६३०, पाणी २७० रुंद, माणूस १०० च्या आत. मोबाइलवर तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. याहून मोठा दाखवायचा तर बांध खोटा ठरतो. उताराचा नेमका कोन मानपत्रात नाही, म्हणून बांधांची बाहेरची बाजू धुक्यात विरघळवली.

मधल्या काळात एका सहकाऱ्याने तयार तोडगा आणला होता, ‘सेनिओ, एप्रिल १९४५’ अशा मथळ्याने फिरणारी एक क्लिप. सैनिक धावतायत, मशीनगनचा आवाज. सैनिकांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या होत्या, म्हणजे वेळ दुपारची. हल्ला मावळतीला आणि पश्चिमेकडे झाला. सूर्य तोंडावर हवा, सावल्या माणसाच्या कितीतरी पट लांब आणि मागे पडलेल्या हव्यात. आवाजही नंतर चिकटवलेला. लष्कराचे कॅमेरामन वापरत त्या डीव्राय कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची १०० फूट फिल्म बसते. ती सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे ६७ सेकंदांत संपते, आणि ती मूक असते. बांधाच्या आतली बाजू तर मराठ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याला दिसणारच नव्हती. क्लिप वापरली नाही. याबद्दल टीममध्ये अजून धुसफूस आहे.

दुसरी धुसफूस घोषणेवरून. पहिलं ठाणं टॉमीगनने गप्प केल्यावर हाताला जखम होऊन ती चालवता येईना, तेव्हा जाधवांनी ती टाकून हातबॉम्ब घेतले. मधे रांगत माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी बॉम्ब आणले, आणि उरलेली दोन ठाणी संपवली. मग उखळी मारा चालू असताना बांधावर उघडं उभं राहून मराठ्यांची रणघोषणा दिली आणि बाकीच्या कंपन्यांना हाताने खुणावून बोलावलं. मानपत्रात एवढंच आहे, घोषणेचे शब्द नाहीत. रेजिमेंटची घोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या निवेदकाला ती पूर्ण गळ्यानिशी द्यायची होती. मी निवेदनात ‘मराठ्यांची रणघोषणा’ एवढंच ठेवलं. महाराजांचं नाव गाळल्याबद्दल ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांतल्या निम्म्यांनी तरी भाग तिथपर्यंत पाहिला असेल का, शंका आहे.

कारण प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याचा आलेख नेमका छेदाच्या चित्रावर घसरतो. दीड मिनिट एकच आकृती आणि तांदळाएवढा माणूस. ती क्लिप घातली असती तर घसरला नसता, हे मलाही दिसतं. पुढचा भाग याच रात्रीचा, याच नदीवरचा आहे, फुझिन्यानो गावाजवळ लढलेले शिपाई अली हैदर यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचा. छेद तोच वापरायचा की नाही, यावर मत पडायचं आहे.

आणि जुन्या भागाखाली दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच: जर्मन चुकून अलीकडच्या बांधावर दाखवलेत का?