तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेल होतं, तर मग रोग आलाच कसा?

प्रश्न नेहमी त्याच सुरात येतो. "तुम्ही कॉम्प्युटरवर साथींची मॉडेलं करता ना? मग लम्पी आमच्या तालुक्यात येणार हे आधी का नाही सांगितलंत?" विचारणाऱ्याच्या दावणीची गाय गेलेली असते, त्यामुळे समोरासमोर आवाज चढवता येत नाही. इथे थोडा चढवते.

लम्पीचं उदाहरण या प्रश्नाला मुळात नीट बसत नाही. तो विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही. डासाच्या किंवा गोठ्यातल्या चावऱ्या माशीच्या सोंडेला लागून तो पुढच्या जनावरापर्यंत जातो, आणि लांबचा पल्ला गाठायचा तर टेम्पोतून जातो. म्हणून २०२२ मध्ये जनावरांचे बाजार बंद झाले. लम्पीचं मॉडेल हे अर्धं वाहतुकीचं मॉडेल आहे, आणि कोणत्या बाजारातून किती जनावरं कुठे गेली याची वही आपल्याकडे धड नाही. पशुगणना पाच वर्षांनी होते. महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आहेत एवढं २०१९ ची गणना सांगते. आज सकाळी तुमच्या गावात किती आहेत ते सांगत नाही.

डासाच्या अंगात वाढून पसरणाऱ्या रोगाचं मॉडेल बघायचं तर रिफ्ट व्हॅली फीव्हरकडे बघा. हा रोग केनियात नैवाशा तलावाजवळच्या मेंढ्यांमध्ये १९३० च्या सुमारास ओळखला गेला. भारतात त्याची साथ आलेली नाही. त्यात गाभण मेंढ्या धडाधड गाभडतात, आठवड्याच्या आतली कोकरं शंभरात नव्वदाच्या वर मरतात, आणि आजारी जनावर कापणाऱ्या-सोलणाऱ्या माणसालाही तो होतो.

आता मॉडेल करतं काय? जनावरांचे कप्पे पाडायचे: लागण होऊ शकणारी, लागण झालेली, बरी झालेली किंवा मेलेली. डासांचेही तसेच. मग एका कप्प्यातून दुसऱ्यात रोज किती जातात ते लिहायचं. कागदावर हे सोपं दिसतं. गोम आकड्यांत आहे. विषाणू डासाच्या पोटात गेल्यावर लाळेत उतरेपर्यंत, समजा, दहा दिवस लागतात. डास रोज ९० टक्के जगत असतील तर शंभरातले ३५ तो दहावा दिवस बघतात, आणि पुढे सरासरी साडेनऊ दिवस चावत फिरतात. रोजचं जगणं ८० टक्क्यांवर आलं, तर दहावा दिवस बघणारे ११ उरतात आणि पुढचं आयुष्य साडेचार दिवसांचं. दोन्ही मिळून फरक जवळपास सातपट. शेतात डासाचं रोजचं जगणं ९० टक्के की ८०, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला दाखवा.

दुसरं, चावा दोनदा मोजावा लागतो, एकदा विषाणू घेताना आणि एकदा देताना. म्हणून डासांचे निम्मे चावे मेंढ्या सोडून ज्यांच्यात हा रोग वाढत नाही अशा प्राण्यांवर गेले, तर प्रसार निम्मा होत नाही, पाव होतो. डासांना ओढायला कोरडा बर्फ लावलेल्या सापळ्यात रात्रीतून चारशे डास सापडले म्हणजे एका मेंढीमागे किती डास, हे कळत नाही. काल चारशे आणि आज आठशे, एवढंच कळतं.

एवढं सगळं डळमळीत असूनही केनियाचं भाकीत जमलं होतं, आणि ते का जमलं हे माझ्या रागाच्या मुळाशी आहे.

तिथल्या सपाट प्रदेशात उथळ खोलगट जागा असतात. एडीस जातीच्या काही डासांची अंडी त्या मातीत वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात, आणि त्यांतल्या थोड्या अंड्यांत आईकडून आलेला विषाणू असतो. नुसता चांगला पाऊस पुरत नाही. पाणी दहा-पंधरा दिवस साचून राहावं लागतं, तेव्हा एडीसची फौज निघते. पाणी महिना-दीड महिना टिकलं तर क्युलेक्स नावाचे दुसरे डास वाढतात आणि साथ हातात घेतात. असा पाऊस कधी होतो? पॅसिफिकचा मधला पट्टा आणि हिंदी महासागराची पश्चिम बाजू एकाच वेळी नेहमीपेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त तापली की. १९९९ मध्ये लिंथिकम, अन्यांबा आणि सहकारी संशोधकांनी जुन्या साथी ताडून दाखवलं की समुद्राचं तापमान आणि उपग्रहातून दिसणारा जमिनीचा हिरवेपणा एकत्र धरला तर काही महिने आधी सावध होता येईल.

२००६ मध्ये ते खरं ठरलं. सप्टेंबरपासून समुद्र तापलेले दिसत होते. ऑक्टोबरमध्ये पावसाने जोर धरला. नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इशारा दिला. डिसेंबरच्या उत्तरार्धात ईशान्य केनियातल्या गरिस्साच्या माणसांत रोग प्रयोगशाळेत पक्का झाला. सोमालिया आणि टांझानियातही तो पसरला. तिन्ही देश मिळून शेकडो माणसं गेली. मेंढ्या-शेळ्यांचा हिशोब कुणाकडेच पुरता नाही.

नंतर पशुपालकांशी बोलून तारखा जुळवल्या गेल्या. जोराचा पाऊस सुरू झाल्यापासून डासांचे थवे दिसेपर्यंत सरासरी साधारण २४ दिवस. थव्यांपासून पहिलं संशयित जनावर १७ दिवस. तिथून पहिला माणूस आणखी १७-१८ दिवस. म्हणजे पावसापासून पहिल्या जनावरापर्यंत हातात सहा आठवडे होते. आता लसीचा हिशोब मांडा. स्मिथबर्न नावाची जिवंत लस एकदा टोचली की तिचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं, पण गाभण मेंढीला टोचली तर तीच गाभडू शकते. दोन साथींमध्ये पाच ते पंधरा वर्षं जातात, बाटलीची मुदत त्याआधी संपते, मग साठा करायला पैसा कोण देणार? मागणी नोंदवली की तयार व्हायला महिने लागतात. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे. आणि ज्या पावसाने डास उठवले, त्याच पावसाने गरिस्साकडचे रस्ते वाहून नेलेले. लसीकरणाला जोर आला जानेवारीत. तोवर रोग कळपांत होता, आणि रोग असलेल्या कळपात एकच सुई जनावरामागून जनावराला वापरली तर डासाचं काम आपणच करतो.

माणसाआधी मेंढ्या गाभडल्या होत्या, हेही लक्षात घ्या. तिथल्या सोमाली पशुपालकांना नाकातून रक्त येणारा हा रोग ठाऊक होता, पावसाचा आणि डासांचा रंग बघून ते ओळखत होते. कागदावर साथ सुरू झाली ती मात्र माणूस दवाखान्यात पोचल्यावर.

पूर्वी मी या प्रसंगावर एका वाक्यात निकाल द्यायचे: मॉडेल बरोबर होतं, यंत्रणा हलली नाही. आता ते वाक्य मलाच टोचतं. सहा आठवड्यांत जे करणं शक्यच नाही ते करा म्हणणारा इशारा बरोबर कसा? वर, नंतरच्या तपासणीत पूर्व आफ्रिकेतल्या सुमारे दोन तृतीयांश मानवी केसेस मॉडेलच्या नकाशातल्या धोक्याच्या भागात निघाल्या. ऐकायला छान. पण नकाशावर लाल असलेल्या ज्या भागातून एकही केस आली नाही, तिथे रोग नव्हता की डॉक्टर नव्हता? केसेस रस्त्यांच्या कडेने कळतात. त्यांच्यावर मॉडेल बसवलं तर ते रस्ते शिकतं.

मग लवकर ओरडावं? लवकर ओरडलं की बाजार मरतो. सौदी अरेबियाने २००० साली या रोगामुळे आफ्रिकेच्या शिंगातल्या (सोमालिया-इथिओपियाकडच्या टोकाच्या भागातल्या) जनावरांची आयात बंद केली, ती २००९ पर्यंत बंदच होती. ज्याचं घर मेंढ्यांच्या निर्यातीवर चालतं त्याला "धोका ४० टक्के" असं सांगून बघा. २०१५ मध्ये मोठा एल निनो आला, म्हणजे पॅसिफिकचा तोच पट्टा तापला, पुन्हा इशारे गेले, केनियाने तयारी केली, आणि मोठी साथ आलीच नाही. तयारीमुळे टळली म्हणणारे आहेत, पाऊस हवा तिथे पडलाच नाही म्हणणारेही आहेत. मी सोयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी बोलले आहे. पुढे २०१८ मध्ये मात्र केनियाच्या वाजीर भागात साथ आली, तो पाऊस एल निनोचा नव्हता.

तेव्हा तालुका आणि तारीख माझ्याकडे मागू नका. मागायचंच तर हे मागा: इशारा आल्यावर पहिल्या आठवड्यात लस कुठून उचलायची, गाभण जनावरं कशी वेगळी काढायची, प्रत्येक जनावराला नवी सुई कोण पुरवणार. आणि पुढच्या वेळी मला अडवाल तेव्हा तीन गोष्टी लिहून आणा: दावणीला जनावरं किती, पहिली गाठ किंवा पहिलं गाभडणं कोणत्या तारखेला, आणि त्याआधीच्या महिन्यात कोणतं जनावर कोणत्या बाजारातून आणलंत. तिसऱ्या प्रश्नाला लोक हमखास म्हणतात, "आमच्याकडे बाहेरून काही आलंच नाही." बैल पाव्हण्यांचा असला की तो बाहेरचा धरत नाहीत.