फोटो काढलेत, मग मूळ कागद मंडळाला कशाला?

स्थानिक इतिहास मंडळात काम करणाऱ्यांना घरातल्या जुन्या कागदांबद्दल हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोबाईलच्या फोटोत अक्षरं येतात. पण उजेडात धरल्यावर दिसणारं जलचिन्ह, पाठीमागची पेन्सिलीतली नोंद, पाकिटावरचा टपालाचा शिक्का हे बहुधा राहून जातं. पत्रावर तारीख नसेल तर त्या शिक्क्यावरूनच काळ ठरवता येतो, आणि घर आवरताना आधी फेकलं जातं ते पाकीटच!

मंडळ जपतं ते कागद आणि तो कुठून आला याची माहिती, दोन्ही एकत्र. म्हणून गठ्ठा ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने ठेवायचा. पावत्या एकीकडे, पत्रं एकीकडे अशी मांडणी केली की कोणती पावती कोणत्या पत्रासोबत होती, हा पुरावाच जातो. दानपत्रात मालकी कोणाची, छापायची परवानगी कोण देणार हे लिहून घ्यायचं. तोंडी व्यवहार पुढच्या पिढीत वादाला कारण होतो. मग दाखल नोंदवहीत क्रमांक. २०२५/७/३ म्हणजे २०२५ मधल्या सातव्या देणगीतली तिसरी वस्तू. हाच क्रमांक कागदामागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने घालायचा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.

खरं नुकसान होतं ते मायेने केलेल्या डागडुजीमुळे. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो, पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. लॅमिनेशन तर कधीच करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक सुखरूप काढणं जवळपास अशक्य असतं. टाचण्या मात्र काढा, त्या गंजतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, म्हणून पोटमाळा आणि तळघर दोन्ही टाळा.

स्कॅनिंग आम्हीही करतो, ४०० ते ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला तितके ठिपके), आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवतो. ते वाचकांसाठी, मूळ कागद त्यामुळे कमी हाताळला जातो.

आणि तो वाचायला सगळ्यांना सारखाच मिळतो, दात्याच्या घराण्याला न रुचणारं लिहिणाऱ्यालाही. याबाबत आम्ही तडजोड करत नाही. हयात माणसांची खासगी माहिती असेल तर तेवढा भाग ठरावीक मुदतीपर्यंत बंद, आणि ती मुदत नोंदवहीत लिहिलेली.

द्यायचं ठरवलंत तर कागद पुसू नका, त्यांचा क्रम बदलू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटोतली माणसं विचारून नावं वेगळ्या कागदावर, डावीकडून उजवीकडे, तेवढी लिहून आणा.