नव्या लॅपटॉपवर जुनेच डेबियन

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज आधीपासून होते आणि ते मला ठेवायचेही होते. पण जुन्या संगणकावरचे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मी वर्षानुवर्षे घडवत आणले होते. त्यात माझ्या स्क्रिप्ट होत्या, क्रॉनला (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) लावलेली कामे होती, हाताने जुळवलेल्या कितीतरी सेटिंग होत्या. ते सगळे पुन्हा उभे करण्यापेक्षा आहे तीच सिस्टीम उचलून न्यायची ठरवली. लिनक्समध्ये हे जमते, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याबरोबरच, येतात आणि बूट होताना समोर दिसेल त्या हार्डवेअरप्रमाणे लोड होतात.

सुरुवात मात्र विंडोजपासून करावी लागते. विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घेतली. फास्ट स्टार्टअप बंद केले. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि अशा अर्धवट मिटलेल्या पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहिणे धोक्याचे. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी केली.

लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट केले, तर आतली एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) दिसेचना. कारण फर्मवेअरमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्टोरेज रेड मोडवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या मोडवर होते. ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर नेले असते तर विंडोज उठले नसते. म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगितले, मग फर्मवेअरमधला मोड बदलला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये चालू दिले आणि ते बंधन काढून टाकले. मध्ये बिटलॉकरने की मागितलीच. तो कागद जवळ नसता तर सगळे तिथेच अडले असते.

प्रत्यक्ष नक्कल करणे त्यामानाने सोपे गेले. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडली आणि आरसिंक हे फायली नकलण्याचे साधन चालवले. परवानग्या, हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावे), एसीएल (तपशीलवार परवानग्या) जपणारे पर्याय दिले. मालक नावाऐवजी क्रमांकाने जपणारा न्यूमेरिक आयडीचा पर्यायही हवाच, नाहीतर लाइव्ह सिस्टीममधल्या नावांप्रमाणे फायलींचे मालक बदलू शकतात. अख्खी डिस्क हुबेहूब उतरवणारे डीडी वापरले नाही. त्याने यूयूआयडीही (पार्टिशनची ओळखखूण) जशीच्या तशी येते आणि दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना कोणती खरी याचा घोळ होतो.

खरे काम इथून पुढे. फायली आल्या तरी सिस्टीमच्या मनात जुनेच घर असते! एफएसटॅबमध्ये (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे त्या यादीत) नव्या यूयूआयडी घातल्या. जुना संगणक बायोस या जुन्या फर्मवेअरचा, नवा यूईएफआय या नव्या पद्धतीचा. म्हणून क्रूट करून (लाइव्ह यूएसबीवरून नकललेल्या सिस्टीमच्या आत शिरून) ग्रब या बूट मेनूचे ईएफआय पॅकेज आणि सिक्युअर बूटसाठी (फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) शिम हा सही असलेला छोटा प्रोग्रॅम घातला. क्रूटआधी लाइव्ह यूएसबी यूईएफआय पद्धतीनेच बूट झाली आहे ना, हे पाहून घ्यावे. नाहीतर फर्मवेअरमध्ये बूटची नोंद होत नाही. बूटच्या फायली ठेवणारे विंडोजचेच ईएफआय पार्टिशन वापरले. ते फॉरमॅट करायचे नाही, फक्त माउंट करायचे (जोडायचे). डेबियन तिथे स्वतःचा वेगळा फोल्डर करते.

ग्रबच्या यादीत विंडोज आले नाही. ग्रबच्या आवृत्ती 2.06 पासून इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून यादी नव्याने बनवली.

सिस्टीम उठली, पण सुरू होताना बराच वेळ थबकायची. इनिटरामएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइल-संचाच्या) रिझ्यूम फाइलमध्ये जुन्या स्वॅपची (मेमरीला पूरक डिस्कवरची जागा) यूयूआयडी राहिली होती आणि ती डिस्क सापडेल म्हणून बूट ताटकळत होते. ती ओळ बदलून इनिटरामएफएस पुन्हा बांधले, थबकणे थांबले. मार्गदर्शनपर लेखांत एफएसटॅबचा उल्लेख असतोच, या फाइलचा क्वचितच.

उरलेले किरकोळ. नेटवर्क कार्डाचे नाव ते आत कुठल्या पीसीआय जोडणीवर आहे त्यावरून ठरत असल्याने बदलले, ते फायरवॉलच्या नियमांत सुधारले. घड्याळ विंडोजला स्थानिक वेळेत हवे असते, लिनक्सला यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). मी रजिस्ट्रीत बदल करून विंडोजलाच यूटीसीवर आणले. जुना संगणकही त्याच नेटवर्कवर चालू ठेवणार असाल तर नव्यावरचे होस्टनेम, मशीन आयडी आणि एसएसएचच्या (दूरून लॉगिन करण्याची सोय) होस्ट की बदलून घ्या, नाहीतर दोन्ही यंत्रे एकाच ओळखीने वावरतील.