मीठ, लोखंड आणि मॅडॉक

रविवार, रात्री. अमळनेर.

होली ब्लॅकचं 'द क्रुएल प्रिन्स' आज संपवलं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आलेली भाची जाताना ठेवून गेली होती. "आत्या, वाच, पण लगेच कोणाची बाजू घेऊ नको," असं बजावून. वैशाखातल्या दुपारी इथे दारं-खिडक्या लावून कूलरपुढे बसण्यापलीकडे काही सुचत नाही, त्यामुळे वाचन भराभर झालं. पुस्तक 2018 चं, कॉलेजात जाऊ घातलेल्या पोरापोरींसाठी लिहिलेलं. तरी मॅडॉक नावाच्या माणसानं (माणूस तरी कसं म्हणू!) माझी झोप उडवली.

सुरुवातीलाच तो एका साध्या घरात शिरतो आणि तीन बहिणींच्या डोळ्यांदेखत त्यांच्या आईबापाला मारतो. आई पूर्वी त्याची बायको होती, त्याला सोडून पळून आलेली. थोरली विवी त्याचीच मुलगी. ज्यूड आणि टॅरिन या 7 वर्षांच्या जुळ्या मात्र त्याच्या कोणीच नाहीत. तरीही बायकोची लेकरं म्हणून तो त्यांनाही पऱ्यांच्या राज्यात नेतो, स्वतःच्या घरात वाढवतो, ज्यूडला तलवार शिकवतो. आणि तो खरंच जीव लावतो त्यांना. ज्यूड त्याला विसरत नाही, माफ करत नाही, आणि बाप म्हणून त्याची शाबासकीही तिला हवी असते. हे सगळं एकाच पोरीच्या मनात. वाचताना मला अनेकदा पुस्तक मिटून बाजूला ठेवावं लागलं.

या पऱ्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणून त्या जास्त भयंकर. खरंच बोलायचं, पण असं की समोरचा फसला पाहिजे. त्यांची फळं खाल्ली की माणसाचं भान सुटतं, त्या सांगतील तसं तो नाचतो. त्यावर ज्यूडचे उपाय म्हणजे जेवणात मीठ, गळ्यात रोवन झाडाच्या लाल फळांची माळ, आणि मोजे उलटे करून घालणं. मीठ वाचलं आणि मला आजी दिसली. मीठ-मोहरी मुठीत धरून दृष्ट काढणारी, बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणारी. तिकडच्या लोककथांतही पऱ्यांना लोखंड सोसत नाही. इतक्या लांबच्या माणसांना भीतीवर तोच उपाय सुचावा, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण आजीची खरी आठवण आली ती साती आसरांमुळे. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड होते. "भर दुपारले इहिरवर जाऊ नको वं माय," हे तिचं रोजचं सांगणं. आसरा धरतात, पाण्यात ओढतात, त्यांच्या वाटेत आलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. आणि त्याच आसरांना ती हळद-कुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या द्यायची, बहिणींशी बोलावं तसं बोलायची. विहिरीला पाणी कमी झालं की गाऱ्हाणंही त्यांच्याकडेच. लहानपणी मला हे कळत नसे. जिची भीती वाटते तिची ओटी कशी भरायची? ज्यूड आणि मॅडॉक एका ताटलीसमोर बसून लढाईचे डाव बोलतात, तिथे मला आजीचं ते वागणं पहिल्यांदा आतून समजलं. भीती आणि माया एका घरात नांदू शकतात. सोपं नसतं, पण नांदतात. आजीला पाणी तिथूनच आणायचं होतं. ज्यूडलाही राहायचं तिथेच आहे.

पुस्तकात सगळंच मला पटलं असं नाही. अर्धं पुस्तक होईपर्यंत दरबारातली नावं डोक्यात बसत नाहीत. आणि ज्या राजपुत्रानं, त्या कार्डननं, शाळेत तिचा इतका छळ केला त्याच्याकडे तिचं मन ओढलं जावं, हे मला रुचलं नाही. भाचीच्या वयाच्या मुलींनी ते फार गोड मानू नये असं मनापासून वाटतं. यावर तिच्याशी फोनवर बोलणार आहे, रागावून नाही, नीट बोलणार आहे.

ज्यूड मात्र आवडली. पंख नाहीत, जादू नाही, आयुष्यही इतरांसारखं न संपणारं नाही. म्हणून ती विष थोडं थोडं पोटात घालून पचवायला शिकते. राजपुत्र डेन तिला वर देतो की आता तुझ्यावर कोणाची मोहिनी चालणार नाही. फक्त त्याची स्वतःची सोडून. ती तेही पत्करते. शेवटी कार्डनला वर्ष आणि एक दिवस आपल्या हुकमात बांधून त्याच्याच डोक्यावर मुकुट चढेल असं घडवून आणते, आणि मॅडॉकचा डाव मॅडॉकनंच शिकवलेल्या अकलेनं उधळते. त्या क्षणी त्याला राग आला असेल की अभिमान वाटला असेल, हे मी संध्याकाळपासून मनात घोळवतेय. मला वाटतं, दोन्ही.

दुसरा भाग भाचीकडे आहे, मागवून घेते. कार्डनचं काय व्हायचं ते होवो. बाप-लेकीचं काय होतं ते मला वाचायचंय.