शेताचं आडनाव

लंडनच्या १८५१च्या जनगणनेत माझ्या सासऱ्यांच्या खापरपणजोबांच्या, हेन्रींच्या, नावापुढे एवढंच आहे: वय २७, धंदा 'शुगर बेकर', जन्म हॅनोव्हर, म्हणजे तेव्हाचं एक जर्मन राज्य. घरात सगळे त्यांना हलवाई समजत. प्रत्यक्षात ते व्हाइटचॅपलच्या साखर कारखान्यातले मजूर. उकळता पाक, कोंडलेली वाफ, वारंवार लागणाऱ्या आगी. या कामावर बहुतेक जर्मनच असत. ते अडतिसाव्या वर्षी छातीच्या विकाराने गेले. तो मृत्यूचा दाखला वाचून सासरे बराच वेळ बोलले नाहीत.

इंग्लंडमधले कागद भराभर मिळाले. त्यांचं मूळ गाव सापडलं लंडनच्या ॲली स्ट्रीटवरच्या जर्मन लुथरन चर्चच्या वहीत, त्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत: ओस्नाब्रुकजवळचं एक खेडं.

मग सगळं अडलं. त्या भागात सरकारी जन्मनोंदी १८७४पासूनच्या, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. तिथल्या कचेरीला पत्र लिहिलं. चार महिने उत्तर नाही. आठवण केली, फी भरली, आणखी तीन महिने गेले. शेवटी एका ओळीचं उत्तर: या आडनावाचा बाप्तिस्मा नाही. मला फार राग आला. त्यांनी फक्त आडनावांची सूची चाळली होती, आणि त्या मुलखात आडनाव माणसाचं नसून शेताचं असायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शेताच्या वारसदारणीशी लग्न करून घरजावई झालेला पुरुष त्या शेताचंच नाव लावी. आपण गावाला 'कर' जोडतो, पण शेत बदललं म्हणून आडनाव बदलत नाही!

हे मला एका जाणकार बाईंनी सांगितलं. दुसऱ्या पत्रात मी आडनाव लिहिलंच नाही. १८२३ ते १८२५मधल्या सगळ्या हाइनरिखांच्या (हेन्रीचं जर्मन रूप) नोंदी आणि त्यांच्या वडिलांची पुढची लग्नं मागितली. पाच आठवड्यांत छायाप्रती आल्या. एका विधुर बापाच्या दुसऱ्या लग्नात जुनं आडनाव, पुढे 'गेनान्ट', म्हणजे 'ऊर्फ', आणि मग शेताचं नाव. तेच लंडनचं आमचं आडनाव! मी स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आले.

तुम्ही असे जर्मन पूर्वज शोधत असाल तर वय दोन वर्षं मागेपुढे धरा. लंडनचा हेन्री तिकडे योहान हाइनरिख असतो, हाकेचं नाव बहुधा शेवटचं. आणि कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीची अक्षरं आधी गिरवा. मोडी शिकले होते, तो धीर इथे कामी आला.